पडक्या किल्ल्यात मध्ययुगीन कुटुंबदिन कसा उभा करावा

युरोपातील एखाद्या पडक्या मध्ययुगीन किल्ल्यात शिरले, की भिंतीच्या मध्यावर, जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर, अधांतरी टांगल्यासारखी शेकोटीची जागा अनेकदा दिसते. मुले तिच्याकडे बोट दाखवून हमखास विचारतात, की तिथे विस्तव पेटवायला माणूस चढत कसा होता. अशा वेळी लगेच उत्तर सांगून मोकळे होऊ नये. मुलाला भिंतीपाशी न्यावे, शेकोटीच्या खाली एका रांगेत असलेली चौकोनी भोके दाखवावीत, त्याच मापाचा तुळईचा एक तुकडा त्याच्या हातात द्यावा आणि हे लाकूड कुठे बसत असेल, असे उलट विचारावे. तुळयांची टोके त्या भोकांत, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर दालन, हे मुलाच्या ध्यानात यायला फार वेळ लागत नाही. लाकूड कुजले किंवा लोकांनी काढून नेले आणि दगड तेवढा मागे राहिला. प्रत्येक काम, ते पूर्वी जिथे घडत होते तिथेच मांडायचे आणि त्याचा निदान एक तुकडा मुलाच्या हातात द्यायचा, हे तत्त्व धरून मी कुटुंबांसाठी असे मध्ययुगीन दिवस आखत आलो आहे, आणि पुढील सर्व सूचना त्याच धोरणाच्या आहेत.

सर्वांत आधी परवानगी. असे अवशेष बहुतेक देशांत कायद्याने संरक्षित असतात. इंग्लंडमध्ये १९७९ च्या प्राचीन वास्तूविषयक कायद्याखाली नोंदलेल्या वास्तूच्या आवारात संमतीशिवाय कोणतेही बांधकाम किंवा खोदकाम करता येत नाही, आणि परवान्याशिवाय धातुशोधक यंत्र फिरवणे हाही गुन्हा ठरतो. म्हणून वास्तूचा ताबा ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे निदान काही महिने आधी लेखी अर्ज करावा आणि त्यात प्रत्येक मांडणीचा, म्हणजे एकेक काम करून पाहण्याच्या जागेचा, नकाशा जोडावा. तंबूच्या खुंट्या जमिनीत ठोकणे हेसुद्धा पुरातत्त्वाच्या दृष्टीने खोदकामच आहे, कारण एका वीतभर खोलीवर जुनी फरसबंदी असू शकते. त्यामुळे खुंट्यांऐवजी वाळूच्या पिशव्यांनी किंवा पाण्याच्या पिंपांनी धरलेले मांडव वापरावेत. विस्तव थेट गवतावर किंवा जुन्या दगडावर कधीही पेटवू नये. उष्णतेने दगड तडकतो, म्हणून पाय असलेली लोखंडी शेगडी भिंतीपासून दूर ठेवावी. भिंतींच्या फटींत वटवाघळे किंवा पक्षी राहत असतील तर त्या कोपऱ्यात कार्यक्रम ठेवू नये. ब्रिटनमध्ये वटवाघळांच्या वस्तीला कायद्याचे स्वतंत्र संरक्षण आहे.

परवानगी हाती आल्यावर कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी संपूर्ण आवार पायी फिरून पाहावे, आणि ते दोनदा पाहावे: एकदा उभ्याने आणि एकदा गुडघ्यांवर बसून. पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून कठड्यातील फटी, झिजलेल्या पायऱ्या, विहिरीच्या काठावरचे अंतर आणि हात घालावासा वाटणारी प्रत्येक खाच वेगळी दिसते. खंदकाचे उतार पावसानंतर निसरडे होतात. ते दोरीने बंद करावेत. गोल जिने अरुंद असतात, म्हणून त्यांवर एका वेळी एकाच दिशेने जाऊ द्यावे आणि वर-खाली एकेक स्वयंसेवक उभा करावा. चाकाच्या खुर्चीतून किंवा बाळगाड्यातून येणाऱ्यांना जिथे पोहोचता येणार नाही, तिथे एकही मुख्य मांडणी ठेवू नये.

यानंतरचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक आयोजक तो घ्यायचाच विसरतात: कोणते वर्ष? मध्ययुग हा सुमारे हजार वर्षांचा कालखंड आहे, आणि त्याच्या आरंभीचा मनुष्य अखेरच्या काळातील पोशाख पाहून चक्रावून गेला असता. आपला किल्ला ज्या काळात वसता होता त्यातील एक वर्ष निवडावे आणि कपडे, भांडी, शस्त्रे, अन्न हे सर्व त्याच्याशी ताडून पाहावे. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात गेदलों येथे १९९७ पासून मध्ययुगीन हत्यारांनी एक नवा किल्ला बांधला जात आहे. तिथल्या मंडळींनी आपल्या कल्पित बांधकामाचा आरंभ १२२८ या वर्षी धरला आणि त्यानंतरच्या काळातील तंत्र वापरायचे नाही, असे बंधन स्वतःवर घातले. असे बंधन घातले की शेकडो लहान प्रश्न आपोआप सुटतात. वेल्समधील कॉन्वीसारखा, १२८३ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला असेल, तर त्याच्या अंगणात अंगभर पोलादी पत्र्याचे चिलखत घालून कोणी फिरू नये, कारण तसे चिलखत पंधराव्या शतकातील आहे; तेराव्या शतकातील योद्धा मुख्यतः कड्यांच्या चिलखतात वावरत असे. स्वयंपाकात बटाटा, टोमॅटो, मका आणि मिरची यांपैकी काहीही चालणार नाही, कारण ही पिके १४९२ नंतर अमेरिकेतून युरोपात आली.

आता प्रत्यक्ष मांडण्या. सहा पुरेत. बारा मांडण्या ठेवल्या तर कुटुंबे धावत सुटतात आणि कुठेच मन लावून थांबत नाहीत.

बांधकामाची मांडणी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण आजूबाजूची प्रत्येक भिंत तिची साक्षीदार असते. तिची सुरुवात दोरीने करावी. सुमारे आठ मीटर लांबीची जाड दोरी घेऊन तिला तेरा गाठी माराव्यात. दोन गाठींमधील प्रत्येक अंतर अगदी सारखे, अर्धा मीटर, असावे, म्हणजे बारा सारखे भाग होतात. पहिली आणि तेरावी गाठ एका मुलाच्या मुठीत एकत्र द्यावी, तिथून तीन भाग मोजून चौथी गाठ दुसऱ्याच्या हाती द्यावी, आणि पुढे चार भाग मोजून आठवी गाठ तिसऱ्याच्या हाती. मग तिघांनी मागे सरकत दोरी ताणावी. तीन, चार आणि पाच भागांच्या बाजूंचा त्रिकोण तयार होतो आणि चौथी गाठ धरलेल्या मुलाच्या हाताशी काटकोन उभा राहतो. दोरी ढिली असते तोवर काहीच दिसत नाही. ती ताणली जाते त्या क्षणी कोपरा जणू खटकन जागेवर बसतो, आणि मुले स्वतःच तो कोपरा जवळच्या बुरजाच्या पायाशी लावून पाहू लागतात. भिंत पुरेशी सरळ असेल तर दोन्ही जुळतात. जुळले नाहीत, तर गवंडी चुकला, की जमीन खचली, की मुळातच कोपरा तिरका ठेवला होता, यावर चांगली चर्चा होते. त्यानंतर ओळंबा द्यावा. शिशाऐवजी पितळेचा किंवा दगडाचा गोळा दोरीला बांधावा, कारण शिसे मुलांच्या हाती देणे योग्य नाही.

चुन्याबाबत मात्र कडक राहावे. मध्ययुगीन गवंडी चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना करीत आणि तो पाण्यात विरवीत; त्या वेळी तो उकळतो, आणि त्याचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका असतो. मुलांना कालवायला माती आणि वाळू द्यावी, आणि चुना कसा विरतो ते जाणकाराने गॉगल व हातमोजे घालून, दोरीच्या पलीकडे राहून दाखवावे, किंवा ते दाखवण्याचा मोह सोडावा. त्याच मातीने कुडाची भिंत लिंपता येते. हेझल या युरोपीय झुडपाच्या लवचीक फांद्या उभ्या काठ्यांतून एकाआड एक विणून, त्यांवर माती, वाळू आणि चिरलेला पेंढा यांचा गिलावा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दाबावा, म्हणजे तो आतल्या फटींत एकमेकांना धरून राहतो. या कामी आईबापांना भिंतीच्या एका बाजूला आणि मुलांना दुसऱ्या बाजूला उभे करावे. एकटा मनुष्य हे काम नीट करू शकत नाही, हे सर्वांना तिथल्या तिथे कळते. किल्ल्याचा तट दगडी असला तरी त्याच्या आतील तबेले, कोठारे आणि कारागिरांच्या झोपड्या बहुधा लाकडाच्या आणि कुडाच्या असत, म्हणून ही भिंत अंगणातच उभी करावी.

किल्ल्याच्या भिंती बाहेरून नेहमी आजच्यासारख्या राखाडी नव्हत्या, हेही इथेच सांगण्याजोगे आहे. टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातील मुख्य बुरूज राजा तिसरा हेन्री याने १२४० मध्ये चुन्याने पांढरा करवून घेतला आणि त्यावरूनच त्याला श्वेत बुरूज हे नाव पडले. एका जुन्या फळीवर खडूची पांढरी पूड पाण्यात कालवून लावायला द्यावी. ती वाळली की फळी उचलून भिंतीसमोर धरावी.

स्वयंपाकघर जिथे होते ती जागा मोठ्या चुलीवरून किंवा सांडपाण्याच्या मोरीवरून ओळखता येते. तिथे लोणी काढण्याचे काम ठेवावे. ते लहान मुलांनाही जमते आणि त्यासाठी विस्तव लागत नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत एक तृतीयांश भरेल एवढी दाट साय घ्यावी. ती फ्रिजमधून नुकतीच काढलेली नसावी, नाहीतर वेळ दुप्पट लागतो. बरणी हलवायला लागल्यावर आधी पातळ डबडब आवाज येतो, मग साय फेसाळून घट्ट होते आणि आवाज अगदी बंद पडतो. नेमके या ठिकाणी मुले कंटाळून बरणी खाली ठेवतात, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवावे, की आवाज बंद झाला म्हणजे काम जवळ आले. आणखी काही मिनिटे हलवल्यावर बरणीत एकाएकी धप्पकन काहीतरी आपटते. लोण्याचा गोळा वेगळा झालेला असतो आणि ताक त्याच्याभोवती फिरत असते. गोळा थंड पाण्यात दोनतीनदा धुऊन, मीठ लावून, राय नावाचे धान्य आणि गहू यांच्या मिश्र पिठाच्या पावावर द्यावा. हात धुण्याची सोय या मांडणीच्या आधी आणि नंतर असावी, आणि दूध व गहू यांची सूचना मोठ्या अक्षरांत लावावी, कारण कोणत्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे हे स्वयंसेवकाला ठाऊक नसते. शेगडीवर जव, वाटाणे, कांदे, कोबी यांची दाटसर पेज शिजत ठेवली तर तिच्या वासानेच माणसे येतात. इंग्लंडच्या सरदारांच्या मोठ्या घरांत स्वयंपाकी आणि नोकरवर्ग बहुतांशी पुरुषांचाच असे, ही गोष्ट ऐकून अनेक पालक थबकतात. ढवळायला वडिलांना बोलवावे.

लोकर आणि टकळीचे काम उजेडाच्या खिडकीपाशी ठेवावे. अनेक किल्ल्यांत खिडकीच्या जाडीत समोरासमोर दोन दगडी बैठका असतात, आणि त्यांवर बसून काम केले की त्या तिथे का आहेत हे सांगावे लागत नाही. मुलांना आधी लोकर विंचरायला द्यावी, मग बोटांनी पीळ द्यायला आणि शेवटी टकळी. सूत तुटते, पुन्हा जोडावे लागते. त्यासाठी एका मुलामागे निदान दहा मिनिटे धरावीत.

लेखनाची मांडणी शांत कोपऱ्यात, शक्य तर प्रार्थनामंदिराच्या अवशेषात असावी. मायफळ, हिराकस आणि डिंक यांपासून मध्ययुगातील टिकाऊ काळी शाई होत असे. ती दाखवावी, पण मुलांना लिहायला पाण्याने धुऊन निघणारी तपकिरी शाई द्यावी, कारण हिराकसाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला हंसाच्या डाव्या पंखातील पीस सोयीचे पडते, कारण त्याचा बाक डोळ्यांपासून दूर जातो. दोन्ही पंखांची पिसे ठेवावीत आणि कोणते हातात बसते ते मुलांनाच ठरवू द्यावे. फार लहान मुलांसाठी लाकडी पाटीवर मधमाश्यांच्या मेणाचा थर देऊन बोथट काडीने कोरायची सोय करावी; चूक झाली तर मेण पुसून सारखे करता येते.

ढाली रंगवण्याचा कार्यक्रम सर्वत्र होतो आणि सर्वत्र वाया जातो, कारण मुलांना पुठ्ठा आणि रंग देऊन सोडून दिले जाते. त्यांना एक नियम द्यावा. मानचिन्हांच्या विद्येत पिवळा आणि पांढरा हे सोने-चांदीचे प्रतिनिधी असलेले धातू मानले जातात आणि तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही. नियमामागचे कारण डोळ्यांनी पटते. निळ्यावर काळा सिंह काढलेली ढाल आणि पिवळ्यावर काळा सिंह काढलेली ढाल अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभी करावी, आणि कोणती ओळखू येते ते विचारावे. मगच ब्रश द्यावा.

शस्त्रांबद्दल माझे मत ठाम आहे: ती असावीत, पण दिवसाचा केंद्रबिंदू ती नसावीत. कड्यांचा अंगरखा सुमारे दहा ते पंधरा किलोंचा असतो. तो आधी हातात उचलू द्यावा आणि मग मोठ्या माणसाच्या खांद्यांवर चढवून कमरेला पट्टा आवळावा. पट्ट्याने वजन विभागले जाते हे अंगरखा घालणाऱ्याला तत्काळ जाणवते. एका हाताची तलवार साधारण एक ते दीड किलोची असे, त्यामुळे योद्ध्याला ती उचलणेही कठीण जाई, ही समजूत तिथल्या तिथे दूर होते. धार काढलेले कोणतेही शस्त्र आवारात नसावे. धनुष्याचे काम प्रशिक्षित माणसाशिवाय ठेवूच नये. बाण एकाच दिशेने, मागे मोकळी जागा किंवा जाळी, आणि बाण आणायला सर्वांनी एकाच वेळी जावे. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या मेरी रोझ या इंग्रजी युद्धनौकेवर सापडलेली धनुष्ये ओढायला शंभर पौंडांहून (सुमारे पंचेचाळीस किलोंहून) अधिक जोर लागत असे, असा अंदाज आहे. मुलांच्या धनुष्याला दहा-पंधरा पौंड पुरतात, आणि हा फरक सांगितला की ओढणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

वेढ्याची गोष्ट सांगायची असेल तर ती भिंतीच्या कोपऱ्यापाशी उभे राहून सांगावी. १२१५ मध्ये राजा जॉनने इंग्लंडमधील रॉचेस्टरच्या किल्ल्याला वेढा घातला, मुख्य बुरुजाच्या एका कोपऱ्याखाली भुयार खणवले, आणि त्यातील लाकडी टेकू जाळण्यासाठी चाळीस लठ्ठ डुकरे पाठवण्याचा लेखी हुकूम दिला. त्यांच्या चरबीने टेकू पेटले आणि कोपरा कोसळला. नंतर तो कोपरा गोल बांधला गेला, आणि आजही त्या बुरुजाचे तीन कोपरे चौकोनी व एक गोल आहे. वाळूच्या ढिगाऱ्याखाली काड्यांचे टेकू देऊन वर ठोकळ्यांचा बुरूज रचावा आणि मुलांना एकेक काडी काढू द्यावी. गोल जिने उजवीकडे वळतात ते तलवारबाज रक्षकाच्या सोयीसाठी, ही लोकप्रिय कथा मात्र ठाम सत्य म्हणून सांगू नये. तिला समकालीन पुराव्याचा आधार नाही. यातनांच्या कोठड्या आणि खोटे रक्त यांनाही मी माझ्या आखणीत जागा देत नाही. त्या प्रकाराने लहान मुले घाबरतात आणि मोठ्यांना काहीही नवे कळत नाही.

स्वयंसेवकांना आधी एक दिवस प्रत्येक काम स्वतः करायला लावावे. विस्तवाजवळ काम करणाऱ्यांचे कपडे लोकरीचे किंवा लिननचेच असावेत, कारण कृत्रिम धागा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. प्रथमोपचाराची जागा, पिण्याचे पाणी आणि हरवलेल्या मुलांना थांबवण्याची जागा प्रवेशद्वारापाशीच ठेवावी. पावसासाठी निदान तीन मांडण्या छपराखाली हलवता याव्यात; वादळी वारा असेल तर भिंतींजवळ कोणालाही न नेता दिवस पुढे ढकलावा.

राहिला प्रश्न गर्दीचा आणि हिशेबाचा, आणि त्याची सोय मध्ययुगानेच करून ठेवली आहे. इंग्लंडच्या राजकोषात बाराव्या शतकापासून १८२६ पर्यंत देण्याघेण्याची नोंद लाकडी कांड्यांवर खाचा पाडून ठेवली जाई. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याच्या रुंदीची, वीस पौंडांची करंगळीची आणि एका पौंडाची फुगलेल्या जवाच्या दाण्याएवढी. खाचा पाडल्यावर कांडी उभी चिरत, म्हणजे दोन्ही भागांवर तेवढ्याच खाचा राहत आणि कोणालाही एकट्याने फसवणूक करता येत नसे. प्रवेशद्वारावर प्रत्येक मुलाला हेझलची एक वीतभर सरळ कांडी द्यावी आणि तिच्या एका टोकाला त्याच्या नावाचे अक्षर लिहावे. प्रत्येक मांडणीवरील स्वयंसेवकाने, काम पूर्ण झाल्यावरच, ठरलेल्या जागी ठरलेल्या रुंदीची खाच पाडावी. बांधकामाची अंगठ्याएवढी, लोण्याची करंगळीएवढी, लेखनाची जवाच्या दाण्याएवढी. मांडण्यांचा क्रम सांगू नये, म्हणजे कुटुंबे आपोआप पांगतात आणि रांगा लहान राहतात.

दिवस संपताना प्रवेशद्वारापाशी एका जाणत्या माणसाने सुरी आणि मोगरी घेऊन बसावे. मुलाने आपली कांडी त्याच्या हाती द्यावी, त्याने ती ठोकळ्यावर उभी धरून टोकावर सुरी ठेवावी आणि मोगरीचा एक ठोका द्यावा. ताजी कांडी खाचांमधून सरळ चिरत जाते. एक भाग मुलाच्या खिशात जातो आणि दुसरा टोपलीत. रात्री टोपलीतील खाचा मोजल्या की कोणत्या कामापाशी माणसे थांबली आणि कोणते काम पुढच्या वेळी बदलायचे, हे आयोजकांना कळते.